गोठलेला पाइप आणि गलाईची गन

प्रश्न : ताई, मी विट्याजवळच्या एका खेड्यातली. मिस्टरांचा श्रीनगरला गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा व्यवसाय आहे, लग्नानंतर मीही तिथंच असते. भाड्याचं घर, वरचा मजला, छतावर टाकी. मागच्या जानेवारीत सकाळी उठून बघते तर घरात एकाही नळाला पाणी नाही. ह्यांनी दुकानातली गॅसची गन आणली आणि बाथरूमबाहेरच्या पाइपला लावायला निघाले. मी अडवलं, तर म्हणाले, "पंधराव्या वर्षापासून आगीजवळ बसतोय, मला शिकवू नकोस." मोठं भांडण झालं. शेवटी घरमालकीणबाई वर आल्या, गरम पाण्यात फडकी बुडवून पाइपला गुंडाळली आणि तासाभरात पाणी सुरू झालं. पण दोन दिवसांनी गीझरमागचा पाइप फुटलेला निघाला, सगळी भिंत भिजली. सासूबाई गावाकडून फोनवर सांगतात, रात्री बाथरूममध्ये कोळशाची शेगडी ठेवून दार लावून घ्या, पाइप गोठायचाच नाही. आता दिवाळीला गावी आलोय, पंधरा दिवसांनी परत जायचंय. माझं अडवणं चुकलं का? यंदा काय करायचं? आणि फुटलेल्या पाइपाचा खर्च आम्ही द्यायचा की घरमालकानं, तेही सांगा.

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही. गन अडवलीत ते बरं केलंत, पुढंही अडवा. पण पाइपाच्या आधी शेगडीचं बोलते. पाइप फुटला तर भिंत भिजते, शेगडीनं माणूस जातो.

बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही, त्यामुळं काही होतंय हे कळतच नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त चिवटपणे धरून बसतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग गुंगी येते. गुंगी आली म्हणून माणूस जरा आडवा होतो आणि उठत नाही. काश्मीर खोऱ्यात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. बाथरूमचं दार लावलं म्हणून हा वायू बाथरूमातच राहील असंही नाही, दाराखालच्या फटीतून तो झोपायच्या खोलीत येतो. अंगाशी कांगडी, म्हणजे तिकडची निखाऱ्यांची टोपली, घेऊन झोपायचंही नाही. घरात कुणाचं एकाएकी डोकं दुखायला लागलं, उलटीसारखं व्हायला लागलं तर आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं आणि तिथून थेट दवाखाना गाठायचा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो एक घेऊन ठेवा. तुमच्या तर घरमालकापासून दुकानापर्यंत सगळीकडं कोळसा आहे.

सासूबाई काही वाईट सांगत नाहीत. त्यांच्या कौलारू घरात चूल दिवसभर पेटलेली असली तरी धूर कौलांमधून निघून जातो, त्यांचा अनुभव त्या घराचा आहे. श्रीनगरच्या तुमच्या घरात थंडीमुळं खिडक्यांना प्लास्टिक ठोकलेलं असणार, फटींत चिंध्या कोंबलेल्या असणार. हे फोनवर पटवत बसू नका. "घरमालकीण शेगडीला परवानगी देत नाही" म्हणायचं आणि विषय बदलायचा. सुनेनं एवढं खोटं बोललेलं चालतं.

आता पाइप. सांगलीतल्या वाचकांना वाटेल, हा प्रश्न इथं कशाला? आपल्याकडं महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, नळ गोठण्याशी आपला संबंध काय? पण खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली निम्मी घरं गलाईनं देशभर पसरली आहेत आणि हिमाचल, काश्मीरपर्यंत पोचली आहेत. श्रीनगरात आपली मंडळी गणपती बसवतात. आमच्या साताऱ्याकडच्या नात्यात लष्करातले लोक तर घरोघरी. तेव्हा हा प्रश्न आपलाच.

तुमच्या मिस्टरांना एक गोष्ट माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. मुशीतलं सोनं ओतल्यावर थिजतं तेव्हा आकसतं, लगडीच्या मधे खोलगट होतं. चांदीचंही तेच. पाणी मात्र उलटं वागतं. बर्फ होताना ते जवळजवळ नऊ टक्क्यांनी फुगतं. एवढं एक ध्यानात आलं की पाइप का फुटतो आणि कुठं फुटतो, दोन्ही कळतं.

बर्फानं आतून रेटा दिला आणि पाइप तिथंच तडकला, असा आपला समज असतो. पुष्कळदा तसं होत नाही. पाइपात एका जागी बर्फाचा बोळा धरतो. एका बाजूला टाकी असते, तिकडं पाण्याला मागं सरकायला वाव असतो. दुसऱ्या बाजूला असतो बंद नळ. बोळा वाढत जातो तसं बोळ्याच्या आणि बंद नळाच्या मधलं पाणी कोंडलं जातं. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून दाब चढतच जातो आणि त्या पट्ट्यात जो जोड, जो एल्बो (वळणावरचा जोड) कच्चा असेल तो जातो. तिथं बर्फाचा कणही नसेल. तुमचा गोठला बाथरूमबाहेरचा पाइप आणि फुटला गीझरमागचा, यात नवल काही नाही. बहुधा तो त्याच रात्री तडकला होता, दोन दिवस भिंतीच्या आत झिरपत राहिला आणि भिंत ओली दिसल्यावर तुम्हाला कळलं.

म्हणून पहिलं काम एकच. पाणी येत नाही असं दिसलं की नळ उघडा आणि उघडाच ठेवा. आपल्याला सवय उलटी. पाणी नाही तर नळ घट्ट बंद करायचा, नाहीतर रात्री पाणी येईल आणि वाया जाईल. श्रीनगरला ती सवय सोडायची. उघड्या नळातून दाब निघून जातो, आणि बर्फ सुटायला लागला की पाणी वाहतं होऊन उरलेला बर्फही लवकर जातो. खाली बादली ठेवा म्हणजे झालं.

दुसरं, गीझर बंद. नुसता गीझरचा दिवा विझवून भागणार नाही, भिंतीवरचं बटण बंद करा. गरम पाण्याच्या नळाला धार येईपर्यंत ते पुन्हा लावायचं नाही. गीझरच्या दोन्ही बाजूंना बर्फ असेल तर तापणाऱ्या पाण्याला फुगायला जागा राहत नाही, आणि गीझरची टाकी रिकामी असेल तर कॉइल जळते. गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्यातून अधूनमधून थेंब गळतात म्हणून काही लोक त्याला बूच मारतात. तुमच्याकडं कुणी तसं केलं असेल तर आधी ते बूच काढून टाका.

मग गोठलेली जागा शोधायची. सगळ्या नळांचं पाणी गेलं असेल तर अडचण टाकीजवळ, छतावरच्या उघड्या पाइपात. एकाच नळाचं गेलं असेल तर त्या नळाकडं येणाऱ्या फाट्यावर. उत्तरेकडची, ऊन न लागणारी भिंत आधी बघा, मग भिंतीतून पाइप आत येतो ते भोक, मग एल्बो आणि कॉक. लोखंडी पाइप असेल तर गोठलेल्या भागावर पांढरं दव जमलेलं दिसतं. कोरड्या हातानं चाचपत गेलात तर एका ठिकाणी पाइप एकदम जास्त गार लागतो. हात ओला नको, उणे आठला लोखंड ओल्या कातडीला चिकटतं. पान्यानं हलके टिचक्या मारत गेलात तर रिकाम्या पाइपाचा आवाज खणखणीत आणि बर्फ असलेल्या जागेचा ठोस येतो. कानाचं हे काम तुमच्या मिस्टरांना जमेल. चिरलेला, फुगलेला पाइप दिसला तर मात्र वितळवायला सुरुवातच करू नका. आधी टाकीचा कॉक बंद करा, मग प्लंबर बोलवा.

ऊब द्यायची ती नळाकडून मागं, बर्फाच्या दिशेनं. मधूनच सुरुवात केलीत तर वितळलेलं पाणी दोन बोळ्यांच्या मधे अडकतं आणि आत्ताच सांगितलेला सगळा प्रकार पुन्हा होतो. घरमालकीणबाईंनी केलं ते अगदी बरोबर होतं. जुना टॉवेल, पंचा, काहीही. हात बुडवून क्षणभर धरता येईल इतपत गरम पाण्यात तो बुडवायचा, पिळायचा, पाइपाला गुंडाळायचा, गार झाला की बदलायचा. दोन टॉवेल असले की एक पाइपावर, एक बादलीत. रबरी पिशवीत गरम पाणी भरून बांधली तरी चालते. केस वाळवायचा ड्रायर असेल तर काम लवकर होतं, पण तो एका जागी रोखून धरायचा नाही, पुढंमागं फिरवत राहायचं. आणि बाथरूमच्या ओल्या फरशीवर उभं राहून तर मुळीच नाही. पाय कोरडे, चप्पल रबरी, वायर पाण्यापासून लांब. अर्धा तास लागेल, कधी दोन तासही लागतील. घाई झाली की माणूस उकळतं पाणी ओततो. प्लास्टिकच्या पाइपाचे जोड त्यानं ढिले पडतात, थंडीनं कडक झालेला पाइप तडकतोही. शिवाय बाहेर ओतलेलं पाणी जिन्यावर जाऊन गोठतं आणि दूधवाला पडतो.

हे सगळं होत असताना एक माणूस टाकीच्या कॉकपाशी हवा. बर्फ सुटल्याबरोबर कुठूनतरी चिळकांडी उडाली तर तो बंद करायला. पाणी सुरू झाल्यावर लगेच सुटकेचा निःश्वास टाकू नका. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा, ओला होतो का बघा, आणि संध्याकाळी पुन्हा एकदा. गेल्या वेळी एवढं झालं असतं तर भिंत वाचली असती. पाणी बोर्डाच्या किंवा प्लगच्या आसपास झिरपत असेल तर आधी घराचा मेन स्विच खाली पाडायचा, मग पुढचं. प्लंबर येईपर्यंत बारीक चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची आणि वर क्लिप आवळायची. प्लंबर हसेल, हसू दे.

आता गनेकडं येते. सोनं १०६४ अंशांना वितळतं आणि चांदी ९६२ च्या आसपास. ह्यांच्या हातातली ज्योत त्या कामासाठी केलेली. बर्फ शून्याला वितळतो. एवढ्या ज्योतीला पाइपावर करण्यासारखं कामच नाही, नुकसान करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. यूपीव्हीसीचा, म्हणजे गार पाण्याचा प्लास्टिकचा पाइप ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. गरम पाण्यासाठी वापरतात तो सीपीव्हीसीही ९३ अंशांपर्यंतचाच. ज्योत लागली की तो जळतो आणि धुरातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ सुटते. ती काय चीज आहे हे ॲसिडात काम करणाऱ्याला मी सांगायला नको. पाइप लोखंडी असेल तर? त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप असते, जुन्या घरात सफेदा लावलेलं सूत असतं. ते जळून जातं. त्या दिवशी पाणी येतं आणि चार दिवसांनी प्रत्येक जोड गळायला लागतो.

याहून वाईट म्हणजे वाफ. ज्योत लावलेल्या जागी आतलं पाणी उकळलं आणि दोन्ही बाजूंना बर्फ असला तर त्या वाफेला जायला वाट नसते. पाण्याची वाफ झाली की ती दीड हजार पटींहून जास्त जागा मागते. पाइप फुटतो तो तोंडासमोर. आणि श्रीनगरच्या जुन्या घरांत लाकूड केवढं असतं हे तुम्ही बघताच : छत लाकडाचं, भिंतीला लाकडाचे तक्ते, मधे भुसा नाहीतर कागद भरलेला. पाइप भिंतीत शिरतो तिथं ज्योत आत ओढली जाते. आत ठिणगी पडली तर बाहेरून काही दिसत नाही. मंडळी पाणी आलं म्हणून चहा करतात आणि घर दुपारी पेटतं.

आगीची भीती नसणं ही ह्यांची विद्या आहे, भट्टीसमोर ती हवीच. भट्टीत मूस डोळ्यासमोर असते, धातूचा रंग बघून कुठं थांबायचं ते कळतं. पाइपात आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, पंधराव्या वर्षापासून आगीजवळ बसलेल्या कारागिरालाही नाही. ह्यांच्याशी बोलताना हाच मुद्दा धरा. "तुम्हाला कळत नाही" असं म्हणालात तर गन परत येईल. "तुम्हाला दिसणार कसं?" असं विचारा. आणि ही बोलणी आत्ता विट्यात करा, बर्फाच्या सकाळी बादली रिकामी असताना नको. त्या वेळी कुठल्याच नवराबायकोचं जमत नाही.

दुकानातल्या आणखी एका गोष्टीची आठवण करते. मोरीचा पाइप तुंबला म्हणून त्यात ॲसिड ओतायचं नाही. बर्फ तसाच राहतो, वर वाफा येतात आणि लोखंड खाल्लं जातं. मोरीत कोमट पाणी आणि मूठभर मीठ टाका, पुरे. तेही मोरीतच, पिण्याच्या लाइनीत मीठ नको. कुणी वेल्डिंगची मशीन पाइपाला जोडून करंटनं बर्फ सोडवून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. करंट कुठल्या जोडातून कुठं जाईल याचा नेम नसतो.

यंदाची तयारी. तिकडं २१ डिसेंबरपासून चिल्ला-ए-कलां सुरू होतो, चाळीस दिवसांचा कडाका. मग वीस दिवसांचा चिल्ला-ए-खुर्द, मग दहा दिवसांचा चिल्ला-ए-बच्चा. पण तारखेची वाट बघू नका. डिसेंबर २०२४ मध्ये चाळीस दिवस जेमतेम सुरू होत होते तेव्हाच श्रीनगरचं किमान तापमान उणे ८.५ झालं होतं, डिसेंबरात इतका गारठा पाच दशकांत पडला नव्हता. बाहेर उणे सहा-सात तासन्‌तास राहिलं की उघड्या पाइपाची खैर नसते, फटीतून वारा लागत असेल तर त्याच्याही आधी. आणखी एक, बर्फ पडतो त्या रात्रीपेक्षा आभाळ निरभ्र असलेली रात्र जास्त घातकी. ढग नसले की जमिनीची ऊब थेट वर निघून जाते. संध्याकाळी चांदण्या लख्ख दिसल्या की कामाला लागायचं.

काम म्हणजे लाइन रिकामी करणं. पाइपात पाणीच नसेल तर गोठणार काय? झोपण्याआधी गीझर बंद, मग टाकीचा कॉक बंद. मग घरातला सगळ्यात खालचा नळ उघडायचा, त्यापाठोपाठ सगळ्यात वरचा. वरच्यातून हवा आत शिरते तेव्हाच खालच्यातून पाणी पूर्ण निघतं. हवा नाही मिळाली तर पाणी मधेच अडून बसतं. बाटली उपडी करून बघितली असेलच. सगळं गळून झालं की नळ तसेच थोडे उघडे ठेवायचे. सकाळी उठल्यावर आधी नळ बंद, मग कॉक सुरू. हा क्रम चुकला तर घरात तळं होतं. लेहला हिवाळ्यात कित्येक घरांत नळच बंद ठेवतात, पाणी आणून भरतात. तिथं लष्करात राहिलेला माझा मावसभाऊ म्हणतो, तिकडं भरलेला पाइप म्हणजे फुटलेला पाइप.

रात्रीचं आणि सकाळचं पाणी संध्याकाळीच भरून घरात ठेवायचं. टेंभू योजनेचं पाणी यायच्या आधीचे खानापूर-आटपाडीचे दिवस ज्या घरानं काढलेत, त्या घरातल्या बाईला हंडे, कळश्या, पिंपं भरून ठेवायला मी काय शिकवणार? पिंप काठोकाठ मात्र भरू नका, आणि बाहेरच्या भिंतीला टेकवूनही ठेवू नका.

शेजारी सांगतील, नळ थेंबथेंब चालू ठेवा, वाहतं पाणी गोठत नाही. यात तथ्य आहे, मुख्य कारण म्हणजे उघड्या नळामुळं दाब कोंडत नाही. पण ही युक्ती थेट लाइनीवरच्या नळाची. तुमचं पाणी टाकीचं. मिनिटाला अर्धा लिटर म्हटलं तरी आठ तासांत २४० लिटर जातं, पाचशेची टाकी अर्धी रिकामी. वर मोरीचा पाइप गोठला तर तेच पाणी बाथरूमात साचणार. म्हणून तुम्हाला लाइन रिकामी करणंच बरं.

टाकीपासून कॉकपर्यंतचा वीतभर तुकडा मात्र रिकामा होत नाही. तो आणि छतावरचा उघडा पाइप गुंडाळावाच लागतो. विट्यात किंवा सांगलीत एसीचं काम करणाऱ्यांकडं काळ्या रबरी फोमच्या नळ्या मिळतात, वजनाला काही नाही, इथूनच घेऊन जा. एल्बो आणि कॉक उघडे टाकू नका, थंडी तिथूनच शिरते. फोम नसेल तर बारदान चालतं, पण त्यावर प्लास्टिक घट्ट बांधून. भिजलेलं बारदान नसलेल्यापेक्षा वाईट. आणि फार विश्वासही टाकू नका. गोधडी आपल्याला ऊब देते कारण आत आपण गरम असतो. पाइपातलं पाणी स्वतःहून गरम होत नाही, गुंडाळणीमुळं ते गार व्हायला उशीर लागतो, एवढंच. आतल्या भिंतीवरून जाणाऱ्या पाइपाला खोलीकडून काही गुंडाळू नका, खोलीची ऊब त्याला लागू दे. सिंकखालच्या कपाटाची दारं रात्री उघडी ठेवा. भिंतीतल्या भोकाच्या फटी सिमेंटनं नाहीतर पुट्टीनं बुजवा. वायरीसारखी पाइपाला बांधायची विजेची हीटिंग टेपही मिळते, पण तिकडं ऐन थंडीत वीज जाते, आणि चुकीची टेप प्लास्टिकच्या पाइपावर किंवा स्वतःवरच आडवी गुंडाळली तर तीच जळते. भाड्याच्या घरात त्या भानगडीत पडू नका.

जत्रेला, लग्नाला म्हणून जानेवारीत गावी यायचं झालं तर जाताना सगळं रिकामं : लाइन, गीझर, संडासची फ्लशची टाकी. कॉक बंद केल्याचं कागदावर लिहून दारावर चिकटवा, नाहीतर आधी परतलेला माणूस अंधारात कॉक उघडेल आणि नळ सगळे उघडे असतील.

राहिला खर्च. आधी भाडेकरार काढून बघा, काही लिहिलं असेल तर तेच खरं. लिहिलं नसेल तर छतावरची टाकी, भिंतीतली लाइन ही घराची, ती घरमालकानं बघावी. रात्री कॉक बंद न केल्यानं झालेलं नुकसान भाडेकरूचं. मागच्या वेळी चूक अशी कुणाचीच नव्हती, तेव्हा निम्मं-निम्मं करा. ताणू नका. वरच्या मजल्यावर चढून स्वतःच्या हातांनी तुमच्या पाइपाला फडकी बांधणारी घरमालकीण पैशानं मिळत नाही. जाताना त्यांच्यासाठी तासगावचा बेदाणा न्या आणि पोचल्या दिवशीच, उजेड असताना, त्यांच्याबरोबर छतावर जाऊन टाकीचा कॉक कुठला ते बघून घ्या, त्याला लाल दोरा बांधा. तो फिरतो का तेही तिथंच बघा. वर्षभर न हललेला कॉक अडतो. जोर लावून मोडू नका, प्लंबर तेव्हाच बोलवा. जानेवारीत सगळं श्रीनगर त्याच्या मागं लागलेलं असतं.